सोय आधी, सत्कार नंतर

३ डिसेंबर जवळ आला की नागपुरात दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमांची तयारी सुरू होते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस जाहीर केला आणि आता तो शाळांमध्ये, शासकीय कार्यालयांत आणि विशेष मुलांच्या संस्थांत उत्साहाने साजरा होतो. मुलांची गाणी होतात, चित्रांची प्रदर्शने भरतात, तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे यांचे वाटप होते, कर्तबगार दिव्यांगांना शाल-श्रीफळ देऊन गौरवले जाते. हे कार्यक्रम व्हावेत, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. वर्षभर दवाखाना आणि शाळा यांच्या चकरा मारणाऱ्या आईला आपल्या लेकराच्या नावाने वाजणाऱ्या टाळ्या ऐकायला मिळाव्यात, हे मला मनापासून वाटते. परंतु ज्या सभागृहात सत्कार होतो, त्याच्या मंचावर जायला केवळ पायऱ्या असतील आणि सत्कारमूर्तीला खुर्चीसकट चौघांनी उचलून वर न्यावे लागत असेल, तर आखणीच्या बैठकीत कोण बसले नव्हते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि मानेवाडा परिसरातल्या आमच्या लेआउटच्या नागरिक मंडळात काम करते. गणेशोत्सव, कोजागिरी, १४ एप्रिलची जयंती, संक्रांतीचे हळदीकुंकू, आरोग्य शिबिरे असे आमचे वर्षभराचे उपक्रम असतात आणि ते बहुतेक समाजभवनात होतात. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीत वस्तीतल्या तिघांना मुद्दाम घेतले. एक आहेत बँकेतून निवृत्त झालेले दादा, ज्यांची दृष्टी तरुणपणीच गेली. दुसरी अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून व्हीलचेअर वापरणारी आणि घरी शिकवण्या घेणारी ताई. तिसऱ्या आहेत बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आई, ज्यांना सगळे काकू म्हणतात. तेव्हापासून मंडळाच्या कामात जो फरक पडला, तो मी जवळून पाहिला आहे आणि म्हणूनच माझे ठाम मत झाले आहे की दिव्यांग रहिवाशांसाठी काय करायचे, हे ठरवणाऱ्यांमध्ये ते स्वतः असलेच पाहिजेत.

समाजभवनाच्या रॅम्पचे उदाहरण देते. रॅम्प आमच्याकडे आधीपासून होता, म्हणजे पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा एक उतार होता. ताई पहिल्या बैठकीला आली ती मोजपट्टी घेऊन. दारापर्यंतची उंची ४५ सेंटिमीटर भरली आणि तो उतार जेमतेम दोन मीटरांत खाली आलेला होता. तिने सांगितले की व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी चढवायची असेल तर एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी लागते, म्हणजे ४५ सेंटिमीटरसाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर. त्याहून चढ तीव्र असला तर मागून ढकलायला माणूस लागतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटण्याची भीती राहते. फाटकासमोर एवढी सरळ जागा नव्हती. मग मिस्त्रींना बोलावून तिने त्यांच्यासोबत बसून रॅम्प भिंतीच्या कडेने वळवला, कोपऱ्यावर खुर्ची फिरवता येईल अशी सपाट जागा ठेवली, दोन्ही बाजूंना पाइपचे कठडे लावले आणि समोरची लहान चाके कडेवरून घसरू नयेत म्हणून काठाला चार बोटे उंचीची बांधणी केली. मिस्त्री वर गुळगुळीत टाइल बसवणार होते. तिने ते नको म्हटले आणि ओल्या सिमेंटवर झाडूने आडव्या रेघा ओढून घेतल्या, कारण पावसाळ्यात त्या टाइलवरून धडधाकट माणूसही घसरतो. खर्च वर्गणीतून झाला. आज त्या रॅम्पवरून गुडघे दुखणाऱ्या आज्या येतात, बाबागाड्या येतात, लग्नाच्या दिवशी आचाऱ्यांची पातेलीदेखील येतात. जुन्या उताराला मात्र आम्ही सगळे इतकी वर्षे रॅम्पच म्हणत होतो, आणि तो वापरणारे कोणी नव्हते.

दादांनी सुचवलेली सुधारणा याहून साधी होती आणि तिला एक रुपयाही लागला नाही. मंडळाच्या सगळ्या सूचना व्हॉट्सअॅपवर रंगीत चित्राच्या रूपात जात असत. वर गणपतीचे छायाचित्र, खाली सुंदर अक्षरांत तारीख आणि वेळ. दादांचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, परंतु चित्रात कोरलेली अक्षरे त्यांच्या फोनला वाचता येत नव्हती, त्यामुळे त्यांना प्रत्येक वेळी कोणाला तरी विचारावे लागे. आता चित्राखाली तोच मजकूर टाइप करून जातो. वर्गणीचा हिशेबही तक्त्याच्या छायाचित्राऐवजी मजकुराच्या रूपात येऊ लागला, आणि गेल्या गणेशोत्सवापासून तो हिशेब तपासण्याचे काम दादांकडेच आहे. ते त्यात फार काटेकोर आहेत.

दादांच्या तोंडी कांचनमाला पांडे यांचे नाव नेहमी असते, आणि ते साहजिक आहे. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या या दृष्टिहीन जलतरणपटूने २०१७ साली मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडले प्रकारात सुवर्णपदक मिळवले; त्या स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. अशा यशाचा अभिमान नागपूरकरांनी जरूर बाळगावा. दादांचे म्हणणे असे की, त्या मुलीचा सत्कार करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या तरणतलावावर दृष्टिहीन मुलाला प्रवेश मिळतो का आणि शिकवायला कोणी तयार आहे का, याची चौकशी करावी. मला हे म्हणणे पटते. एक असामान्य माणूस अडथळे ओलांडून जातो, ते अडथळे इतरांच्या वाटेत तसेच राहतात.

बरेचसे दिव्यांगत्व दिसत नाही, हा आणखी एक मुद्दा, आणि विदर्भात तर तो फार मोठा आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांचा समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली, पण ती या नव्या यादीच्या आधीची आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलची मुले आहेत हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असते किंवा असायला हवे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून या रुग्णांसाठी आयुष्य वेचले आणि २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सिकलसेलग्रस्तांना दिव्यांगांचे हक्क मिळावेत, ही विदर्भातल्या कार्यकर्त्यांची जुनी मागणी होती.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून मूल फिकट दिसते, डोळ्यांत पिवळसर झाक असते, लवकर दमते. पेशी अडकल्या की हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी वाजणे, ताप, अतिश्रम यांमुळे या कळा सुरू होतात. आता नागपूरचे हवामान आठवून पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेत मुले कुडकुडत असतात. म्हणजे वर्षातले बरेच महिने या मुलांसाठी जोखमीचे.

वर्गात त्यांच्यासाठी काय करावे लागते? पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि तास चालू असतानाही पाणी पिऊ द्यावे. जास्त पाणी प्यायल्यामुळे आणि मूत्रपिंडांवर आजाराचा परिणाम होत असल्यामुळे त्यांना वारंवार लघवीला जावे लागते, तेव्हा विचारताक्षणी जाऊ द्यावे. प्रार्थनेला उन्हात उभे करू नये, हिवाळ्यात गणवेशावर स्वेटर घातला म्हणून रागावू नये, कवायतीत शेवटपर्यंत धावायची सक्ती करू नये, आणि दुखणे आले की ‘कालच तर बरा होता’ असे म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नये. माझ्या वर्गात एक मुलगी होती. सातवीत येईपर्यंत तिच्याविषयी सगळीकडे एकच शेरा होता, की ती वारंवार गैरहजर राहते आणि कामचुकार आहे. तिच्या आईने एक दिवस दवाखान्याची फाइल आणून माझ्या टेबलावर ठेवली. त्यानंतर तिची बाटली, तिची बाहेर जाण्याची मुभा आणि खिडकीपासून दूरचा, थंड वारा न लागणारा बाक, एवढे ठरवून दिले. तिच्या गैरहजेरीच्या दिवसांचा अभ्यास एका मैत्रिणीच्या वहीतून घरी पोहोचत असे. ती पुढे बारावी झाली, परिचारिकेचे शिक्षण घेतले. यात शाळेचा काही खर्च झाला नाही. बोर्डाच्या परीक्षेतही पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. तो मिळवण्यासाठीचा अर्ज वेळेत करायला घरच्यांना सांगणे, हे शिक्षकाचे काम आहे.

इथे कायद्यातली एक उणीव सांगितलीच पाहिजे. शासकीय नोकऱ्यांतले चार टक्के आरक्षण ज्या प्रवर्गांसाठी आहे, त्यांत दृष्टी, श्रवण, हालचाल, बौद्धिक आणि मानसिक दिव्यांगत्वाचे प्रकार आहेत. रक्ताच्या आजारांचा त्यांत समावेश नाही. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांसाठी ही मुले चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर पात्र ठरतात, पण शिकून बाहेर पडल्यावर नोकरीच्या दारात त्यांचा प्रवर्गच नसतो. १ जुलै २०२३ रोजी देशभरात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, २०४७ हे तिचे लक्ष्य आहे, तपासण्या वाढत आहेत, हे चांगलेच आहे. मात्र जे आज पंचवीस वर्षांचे आहेत, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न २०४७ पर्यंत थांबणार नाही. या विषयावर नागपुरातून आवाज उठला पाहिजे, कारण हा भार सर्वाधिक सोसणाऱ्या भागांत आपण आहोत.

कर्णबधिर शेजाऱ्यांविषयी थोडे. आमच्याकडची गणेशोत्सवाची रोषणाई शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयात शिकलेला एक तरुण करतो. त्याच्या घरी दाराची घंटी दाबली की बैठकीत दिवा उघडमीट करतो. ही जोडणी त्यानेच केली आहे आणि वस्तीत आणखी दोन वृद्धांच्या घरीही करून दिली आहे. लाउडस्पीकरवरून केलेल्या घोषणा त्याला कळत नाहीत, म्हणून दादांसाठी सुरू झालेली टाइप केलेली सूचना त्यालाही तितकीच उपयोगी पडली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा बचावपथकांना मूकबधिर विद्यालयातल्या मुलांनाही बाहेर काढावे लागले होते. अंधारात पाणी वाढत असताना हाका ऐकू न येणाऱ्या माणसाला कोण उठवणार, व्हीलचेअरवरच्या माणसाला वरच्या मजल्यावर कोण नेणार, कोणाच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते, हे आधीच ठरलेले असावे लागते. त्या पुरानंतर आमच्या मंडळाने घरोघरी विचारून, ज्यांची संमती होती त्यांचीच, अशी एक यादी केली आणि प्रत्येक नावासमोर शेजारच्या दोघांची नावे लिहिली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती पुन्हा तपासली जाते.

काकूंनी बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडले तेव्हा विचारले होते, “मी गेल्यावर याचे काय?” त्यांचा मुलगा आता तिशीत आहे, आनंदी आहे, गणपतीच्या आरतीला झांजा वाजवायचा मान त्याचाच आहे. पण बँकेत त्याची सही चालत नाही आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे त्यांना फार उशिरा कळले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी पालक नेमण्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो आणि त्या समितीत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती सदस्य असते. याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. काकूंचा अर्ज आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनाने त्यांच्यासोबत बसून भरला आणि त्यांच्या भाचीचे नाव पुढची पालक म्हणून सुचवता येईल का, याची चौकशीही त्यांनीच केली. ज्या घरात असे मूल आहे, तिथे हा विषय कोणी स्वतःहून काढत नाही. शेजाऱ्यांनी हळुवारपणे काढावा, असे मला वाटते.

कागदपत्रांच्या कामात शेजाऱ्याचा उपयोग जितका होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशात होत असेल. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करणे, मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत तपासणीच्या दिवशी सोबत जाणे, रांगेत बसलेल्या वृद्धाला पाणी आणून देणे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढून देणे ही कामे एका सकाळची असतात, आणि सोबत कोणी नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे राहून जातात. वृद्ध आईवडील आणि मोलमजुरीवर जाणारा भाऊ असलेल्या घराला एक दिवसाची मजुरी सोडणेही परवडत नाही. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. आपल्या भागात तो कशावर खर्च होतो, हे झोन कार्यालयात जाऊन विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. वरोऱ्याजवळ १९४९ साली आनंदवन उभे करताना बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती शेतीची अवजारे दिली, उद्योग दिले आणि त्यांच्याच श्रमातून ती वसाहत उभी राहिली. नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या या वारशामुळे विदर्भातल्या माणसाला वेगळा आदर्श शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

आपली मेट्रो २०१९ पासून धावते आणि तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, जमिनीवर स्पर्शाने ओळखता येणाऱ्या पिवळ्या पट्ट्या आहेत, डब्यात व्हीलचेअरसाठी जागा आहे. दादा सीताबर्डीच्या स्थानकात एकटे जातात आणि तिथे त्यांना कोणाचा हात धरावा लागत नाही. त्यांची अडचण स्थानकाच्या बाहेर पडल्यावर सुरू होते, जिथे पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि गटारावरची झाकणे उघडी असतात. पदपथावर दुचाकी न लावणे हे तर आपल्यापैकी कोणालाही उद्यापासून करता येईल.

यंदा ३ डिसेंबरला आमच्या समाजभवनात सिकलसेल तपासणीचे शिबिर आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचे ठरले आहे. सूत्रसंचालन ताई करणार आहे. त्याआधी स्वच्छतागृहाचे काम पूर्ण करायचे आहे. दार ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारे हवे, आत खुर्ची फिरेल एवढी जागा आणि भिंतीला धरायला दांडे हवेत, उंबरठा काढून टाकायचा आहे. मिस्त्रींनी माप घेतले आहे आणि खर्चाचा अंदाज दादांकडे तपासायला दिला आहे. परिसरातल्या दुसऱ्या कोणत्या मंडळाला आपल्या समाजभवनाचा, मंदिराचा किंवा विहाराचा रॅम्प बांधायचा असेल, तर बांधकाम सुरू करण्यापूर्वी आमच्या मंडळाशी संपर्क साधावा. ताई मोजपट्टी घेऊन यायला तयार आहे.